अँकर ती असेल तर? नव्या कार्यक्रमाची प्रेक्षक-चाचणी नीट कशी घ्यावी

"टेस्टमध्ये मुलगी चालली नाही." नॉन-फिक्शन कार्यक्रमाच्या (मालिका सोडून खेळ, गप्पा, स्पर्धा अशा कार्यक्रमांच्या) बैठकीत हे वाक्य उच्चारलं गेलं की पुढे कोणी काही बोलत नाही. प्रेक्षकांनीच कौल दिलाय म्हटल्यावर वाद कसला घालायचा? मी मात्र अशा वेळी एकच गोष्ट मागते, ती म्हणजे चाचणीत दाखवलेला भाग. एकदा तो मागवून पाहिला. पुरुष सूत्रसंचालकाचा भाग दुसऱ्या दिवशी, सेट पूर्ण लागल्यावर शूट झाला होता. मुलीचा भाग पहिल्या दिवशी सकाळी, लाइट लावणं चालू असतानाच उरकलेला. तिचा माइक पदराला घासत होता आणि प्रत्येक वाक्यामागे खरखर येत होती. प्रेक्षकांनी फॉर्मवर लिहिलं होतं, "आवाज नीट वाटत नाही." त्यांनी खरं तेच लिहिलं. अहवालात मात्र त्याचं "महिला अँकरला पसंती नाही" असं झालं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. वाईट रीतीने घेतलेली चाचणी जुन्या सवयीलाच प्रेक्षकांचा कौल म्हणून पुढे करते. चाचणी नीट घेतली तर तीच अँकरला न्याय देते आणि चॅनलचा पैसाही वाचवते. छोटं प्रॉडक्शन हाऊस असो, चॅनलचा प्रोग्रॅमिंग विभाग असो, की मोबाइलवरच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव करणारी चार पोरं असोत, पुढची पद्धत कमी-जास्त खर्चात सगळ्यांना वापरता येते.

आपण कुठे उभे आहोत

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे मराठी बातम्या वाचत. म्हणजे मराठी प्रेक्षकाला पडद्यावरून बाईचा आवाज ऐकायची सवय पहिल्यापासून आहे. पुढे 'सारेगमप'ची धुरा पल्लवी जोशींनी सांभाळली, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये प्राजक्ता माळी आल्या. पण जिथे मोठं बक्षीस द्यायचं, स्पर्धकाला दरडावायचं किंवा निकाल सुनावायचा, तिथलं चित्र बघा. 'कोण होणार करोडपती'च्या खुर्चीत सचिन खेडेकर, स्वप्नील जोशी, नागराज मंजुळे बसले. मराठी 'बिग बॉस'चं सूत्रसंचालन आधी महेश मांजरेकर आणि मग रितेश देशमुख यांच्याकडे आलं.

खेळाच्या स्वरूपात असं काही नाही की तो बाईला जमू नये. त्याच करोडपती-खेळाची तमिळ आवृत्ती 'कोडीश्वरी' २०१९ च्या डिसेंबरपासून राधिका शरतकुमार यांनी चालवली, आणि तिथे स्पर्धकही सगळ्या स्त्रियाच होत्या. अमेरिकेत मेरेडिथ व्हिएरा यांनी २००२ पासून तब्बल ११ वर्षं तोच खेळ खेळवला. त्यामुळे "आपल्याकडे चालत नाही" असं कोणी म्हटलं तर विचारायचं: आपल्याकडे नीट करून पाहिलंय का?

पहिलं काम: प्रश्न आणि निर्णय आधीच कागदावर

चाचणीच्या आदल्या आठवड्यात दिग्दर्शक, लेखक, चॅनलचा माणूस आणि संशोधक अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवा. नेमकं काय तपासायचंय ते एका वाक्यात लिहा. "कार्यक्रम आवडतो का?" हा प्रश्न इतका ढोबळ आहे की त्याचं कोणतंही उत्तर कुठेही लावता येतं. "पहिल्या जाहिरातीनंतर माणूस परत येईल का?" हा प्रश्न चांगला. "खेळाचे नियम अँकरच्या तोंडून एकदा ऐकून कळतात का?" हा आणखी चांगला.

त्याखाली लिहा की काय निघालं तर काय करायचं. नियम कळले नाहीत तर स्क्रिप्ट बदलायची की अँकर? हे आकडे यायच्या आधी ठरलं पाहिजे आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. आकडे आल्यावर जो तो आपल्या मनातल्या अँकरच्या बाजूने ते वाचतो, आणि मीही त्याला अपवाद नाही.

चाचणी कोण चालवणार, हेही इथेच ठरवा. अमेरिकेतल्या 'जेपर्डी!' या प्रश्नमंजुषेचे सूत्रसंचालक अॅलेक्स ट्रेबेक नोव्हेंबर २०२० मध्ये गेले. त्यानंतर २०२१ मध्ये पाहुणे सूत्रसंचालक एकामागून एक आले, त्यांत केटी कुरिक, मायम बियालिक, सव्हाना गथ्री, रॉबिन रॉबर्ट्स अशा स्त्रियाही होत्या. जाहीर परीक्षाच होती ती. ऑगस्टमध्ये निवड झाली ती कार्यक्रमाचे कार्यकारी निर्माते माइक रिचर्ड्स यांची, जे स्वतःही पाहुण्यांच्या रांगेत होते. त्यांची स्त्रियांविषयीची जुनी अपमानकारक वक्तव्यं बाहेर आली आणि काही दिवसांतच त्यांना ते पद सोडावं लागलं. ज्याचा निकालात हितसंबंध आहे, त्याच्या हातात चाचणीच्या चाव्या देऊ नका.

एकच खेळ, चार चेहरे

पूर्ण तासाचा पायलट, म्हणजे नमुना भाग, करायची गरज नाही. १२ ते १५ मिनिटं पुरतात. त्यात सुरुवातीची ओळख, नियम, एक फेरी आणि कोणी तरी हरल्याचा एक क्षण एवढं असलं पाहिजे. हरल्याचा क्षण गाळू नका. अँकरचा खरा कस तिथेच लागतो.

एक बाई आणि एक पुरुष अशी तुलना करू नका. ती दोन माणसांची तुलना होते आणि अहवालात तिला बायका विरुद्ध पुरुष असं नाव पडतं. निदान दोन स्त्रिया आणि दोन पुरुष घ्या. स्क्रिप्ट, सेट, संगीत आणि कॅमेऱ्याच्या जागा सगळं तेच ठेवा. प्रश्न बदलावे लागतील, कारण स्पर्धक तेच उत्तर चौथ्यांदा आश्चर्याने देऊ शकत नाही. पण प्रश्नांची काठिण्यपातळी सारखी राहू द्या. कोणाचं शूट आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि प्रत्येकाला तालमीही तितक्याच द्या. नवख्या मुलीला एक तालीम आणि मुरलेल्या नटाला त्याचा २० वर्षांचा अनुभव, अशी शर्यत लावून कोण जिंकलं हे सांगायला चाचणी कशाला हवी?

प्रत्येक प्रेक्षकाने चारांपैकी एकच भाग पाहावा. दोन दाखवले की तो तुलना करू लागतो, आणि तुम्हाला काय ऐकायचंय याचा अंदाज बांधून उत्तरं देतो. मानसशास्त्रात ही युक्ती जुनी आहे. १९६८ मध्ये फिलिप गोल्डबर्ग यांनी कॉलेजातल्या मुलींना तेच लेख वाचायला दिले. काहींच्या प्रतीवर लेखकाचं नाव जॉन होतं, तर काहींच्या प्रतीवर जोन. जॉनचे लेख एकूण जास्त वजनदार ठरले. नंतरच्या प्रयोगांत निकाल दर वेळी तसाच आला असं नाही, पण पद्धत पक्की आहे. मजकूर तोच ठेवून फक्त नाव बदललं, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येतं.

माइक, लाइट आणि ओळख

या भागाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

कॉलरला लावायचा माइक शर्ट डोळ्यांसमोर ठेवून बनलेला असतो. साडीत तो पदराखाली जातो, मंगळसूत्रावर आपटतो, आणि त्याचा बॅटरीचा डबा खोचायला कमरेला पट्टा नसतो. त्यामुळे मुलगी अवघडून उभी राहते. प्रेक्षकाला ती "सहज वाटत नाही", आणि कारण मात्र कोणालाच कळत नाही. कपडे ठरवतानाच ध्वनिमुद्रकाला बोलवा. पदर पिन करून घ्या, डब्यासाठी आतून पट्टा द्या, दागिने उतरवून एकदा आणि घालून एकदा असा आवाज तपासा.

पुढे मिक्सिंगमध्ये चारही भागांचा आवाज एकाच पातळीवर आणा. युरोपीय प्रसारणात उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) ही पातळी धरतात. तुम्ही कोणतीही धरा, पण चौघांना तीच ठेवा. स्त्रीच्या आवाजातल्या वरच्या पट्टीच्या लहरी स्वस्त टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर टोचतात. म्हणून स्टुडिओच्या उंची स्पीकरवर ऐकून समाधान मानू नका. साध्या ३२ इंची टीव्हीवर, पंखा चालू ठेवून ऐका. "कर्कश" हा शेरा मारायच्या आधी तो गळ्याचा आहे की स्पीकरचा, हे कळलं पाहिजे.

लाइटचंही तेच. उंच पुरुषासाठी लावलेली रचना बुटक्या मुलीच्या डोळ्यांखाली सावली पाडते. पाच मिनिटं लागतात दुरुस्तीला.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रसिद्धी. मालिकेतला लाडका नायक आणि नाटकातली अनोळखी मुलगी यांची तुलना केली तर तुम्ही ओळख मोजताय. एक तर चौघंही सारखे ओळखीचे किंवा सारखे अनोळखी घ्या, नाही तर भाग दाखवायच्या आधी फोटो देऊन "यांना ओळखता का?" विचारा आणि निकाल त्याप्रमाणे वेगळे वाचा.

माणसं कुठून आणायची

दादर-पार्ल्यात बसून महाराष्ट्र कळत नाही. मुंबई-ठाण्याचा एक गट घेतला तर पश्चिम महाराष्ट्रातलं एक गाव, मराठवाड्यातलं एखादं जिल्ह्याचं ठिकाण, विदर्भ आणि नाशिक-खानदेश यांतूनही गट हवेत. जमलं तर गोव्यातलाही एक, कारण टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क' संस्थेच्या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा एकच बाजारपेठ धरतात. एका भागात जो ठसका वाटतो तो दुसरीकडे उद्धटपणा वाटतो. वऱ्हाडात जी मुलगी "आपल्यासारखी बोलते", ती पुण्यात "गावठी" ठरू शकते. हा शेरा स्त्रीवर आहे की बोलीवर, हे गट वेगळे ठेवल्याशिवाय उलगडत नाही.

माणसं जमवणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला सांगा. संध्याकाळी सात ते दहा घरातला रिमोट कोणाच्या हातात असतो? मागच्या सहा महिन्यांत अशा चाचणीला गेला होतात का? घरातलं कोणी टीव्ही, जाहिरात किंवा वृत्तपत्रात आहे का? दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला "हो" आलं तर नम्रपणे नकार द्या. दर महिन्याला मानधनासाठी येणारी आणि जाणकारासारखी मतं देणारी मंडळी प्रत्येक शहरात असतात.

वेळेने अर्धी चाचणी ठरते. घरी असणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार सोयीचं. नोकरीवाल्यांना रविवार सकाळ. लहान मूल घेऊन येणारीसाठी बाजूला सतरंजी आणि सांभाळायला कोणी तरी ठेवा, नाही तर तुमच्या नमुन्यातून तरुण आयाच गायब होतात, आणि त्याच तर तुमच्या प्रेक्षक.

फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, अन्य आणि "सांगायचं नाही" असे पर्याय ठेवा. सूत्रसंचालनातलं वैविध्य दोन खान्यांत संपत नाही. विजय टीव्हीवर २००८ मध्ये रोझ व्यंकटेशन ही पारलिंगी अँकर स्वतःचा टॉक शो घेऊन आली. कोइंबतूरच्या लोटस न्यूज वाहिनीवर पद्मिनी प्रकाश २०१४ च्या १५ ऑगस्टपासून बातम्या देऊ लागल्या. मराठीत असा कार्यक्रम करायचा असेल तर चाचणीच्या खोलीत त्या समाजातली माणसंही बसली पाहिजेत, आणि तीसुद्धा एकटीदुकटी नकोत, निदान चार-पाच जणं एकत्र हवीत. नाही तर सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळतात आणि ती गप्प बसतात.

लेखी संमती घ्या. चर्चेचं चित्रीकरण होणार असेल तर ते कोण पाहणार आणि कधी पुसणार, हे मराठीत लिहून द्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हवी.

खोलीत

बाई-पुरुष हा विषय आहे, हे कोणालाही कळता कामा नये. बोलावताना "नव्या खेळाबद्दल मत" एवढंच सांगा. कळलं की शहरातले लोक पुरोगामी उत्तरं देतात आणि काही जण मुद्दाम उलटी. तुमच्या हाती दोन्हींतलं काहीच लागत नाही.

भाग दाखवायच्या आधी प्रत्येक गटाला एखाद्या जुन्या, सर्वांना परिचित कार्यक्रमाचा तोच पाच मिनिटांचा तुकडा दाखवा. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरच्या 'प्रीव्ह्यू हाऊस'मध्ये चाचणीआधी मिस्टर मगूचं तेच ते कार्टून दाखवत. कोणता जमाव हसरा आहे आणि कोणता थंड, हे त्यावरून कळायचं. आपल्याकडेही उन्हातून आलेला दुपारचा गट आणि चहा पिऊन बसलेला संध्याकाळचा गट सारखे नसतात.

भाग संपला की आधी गप्प बसून फॉर्म भरू द्या, आणि चर्चा मग घ्या. सासू आणि सून एका गटात नकोत, साहेब आणि त्याच्या हाताखालचाही नको. सात-आठ जणांच्या गटात पहिला जो ठणकावून बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात. फॉर्म आधी भरलेला असला तर निदान कागदावर तरी खरं उतरतं. बायकांच्या गटाला मॉडरेटर, म्हणजे चर्चा चालवणारी व्यक्ती, बाईच हवी; पुरुषांच्या गटांपैकी निम्म्यांना बाई आणि निम्म्यांना पुरुष. मॉडरेटर कोण होतं हे अहवालात लिहा.

मिनिटामिनिटाची नोंद

१९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन यांनी रेडिओ श्रोत्यांच्या हातात दोन बटणं दिली. आवडलं तर हिरवं दाबायचं, नावडलं तर लाल. कागदाच्या पट्टीवर रेघ उमटायची आणि कोणत्या क्षणी माणूस दुरावला ते दिसायचं. पुढच्या डायल आणि मोबाइलवरच्या सरकपट्ट्या याच कल्पनेतून आल्या. तुमच्याकडे त्यासाठी पैसे नसतील तर दर मिनिटाला हलकी घंटा वाजवा आणि छापील तक्त्यावर एक ते पाचपैकी आकड्याला गोल करायला सांगा. १५ मिनिटांचे १५ गोल पुरे.

मला याहून दुसरी पद्धत अधिक आवडते. 'सेसमी स्ट्रीट' हा अमेरिकेतला मुलांचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एडवर्ड पामर यांनी मुलांना टीव्हीसमोर बसवून शेजारी दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवली. मुलाची नजर टीव्हीवर किती टिकते आणि चित्रांकडे कधी वळते, याची नोंद ठेवली. १९६९ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात पाच तासाभराचे भाग असेच तपासले. तेव्हा कळलं की रस्त्यावरच्या प्रसंगांत, जिथे फक्त माणसं होती आणि बाहुल्या नव्हत्या, तिथे नजर उडते. तज्ज्ञांनी खरं आणि काल्पनिक एकत्र करू नका असं सांगितलं होतं. ते बाजूला ठेवून निर्मात्यांनी रस्त्यावर 'बिग बर्ड' हा बाहुला-पक्षी आणला.

आपल्याकडची चित्रं म्हणजे स्वयंपाकघर. मराठी गृहिणी हात रिकामे ठेवून टीव्ही पाहत नाही. सात-आठ घरांत परवानगी घेऊन जा, भाग लावा आणि तिला पोळ्या लाटू द्या, भाजी निवडू द्या. तुम्ही कोपऱ्यात बसून फक्त एवढंच लिहा: मान कधी वर झाली, लाटणं कधी थांबलं, घरातल्या इतरांना "अरे बघ बघ" म्हणून हाक कधी मारली. अँकर बोलत असताना मान वर होते की फक्त स्पर्धक रडला की? फॉर्मवर ज्या मुलीला कमी गुण मिळाले, तिच्या आवाजाने लाटणं थांबताना मी पाहिलंय. असं झालं की मी लाटण्यावर विश्वास ठेवते.

विचारायचं काय

"अँकर आवडली का?" हा प्रश्न काढून टाका. त्याचं उत्तर चेहरा, साडी आणि सभ्यता यांची सरमिसळ असतं. त्याऐवजी अँकरने सांगितलेले नियम प्रेक्षकाला परत सांगायला लावा. आठवलं तर तिने नीट सांगितलं. "अँकरने म्हटलेलं एखादं वाक्य सांगा." "स्पर्धक हरला तेव्हा तिने काय केलं?" "तुम्ही त्या खुर्चीत असता तर तिच्यासमोर हातपाय गळाले असते का?" हे प्रश्न चारही गटांना शब्दशः तेच हवेत. पुरुषाबद्दल "अधिकाराने बोलतो का" आणि बाईबद्दल "गोड बोलते का" असे वेगवेगळे प्रश्न मी छापील फॉर्मवर पाहिले आहेत.

आणि एक प्रश्न जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: "ही तुमच्या घरी आली तर तुम्ही तिला काय हाक माराल?"

'होम मिनिस्टर' २००४ मध्ये सुरू झाला आणि आदेश बांदेकर दारात उभे राहिले की "भावोजी" झाले. समोरची वहिनी झाली. दीर-भावजयीच्या नात्यात थट्टेला परवानगी असते, उखाण्याचा हट्ट धरता येतो, नवऱ्याची फिरकी घेता येते. नात्याने अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असतं. आता तीच स्क्रिप्ट बाईच्या तोंडी द्या. घरात शिरून सुनेला उखाणा घ्यायला लावणारी, नवऱ्यावरून चिडवणारी बाई आपल्या मनात कोण असते? नणंद. आणि नणंदेच्या थट्टेला धार असते. प्रेक्षकाला खुपतं ते नातं, आणि तक्रार मात्र बाईच्या नावावर जमा होते.

त्यामुळे चाचणीचे दोन टप्पे करा. पहिल्यात स्क्रिप्ट तीच ठेवा, फरक कुठे पडतो ते शोधा. हाक काय मारतात ते नोंदवा: ताई, मावशी, मॅडम, नुसतं नाव की काहीच नाही. मग लेखकाला बसवून तिच्यासाठी तिच्या नात्यातून स्क्रिप्ट पुन्हा लिहून घ्या. ताई दरडावू शकते, पण दरडावून झाल्यावर पाठीवर हात ठेवते. मावशीला लाडही करता येतात आणि भाच्याचं बिंगही फोडता येतं. "मॅडम" निकाल सुनावू शकते. मग दुसरा टप्पा नव्या प्रेक्षकांवर घ्या. पहिल्या टप्प्यावर थांबून जे निर्णय झाले, त्यांत किती चांगल्या मुली गेल्या असतील याची मला खरंच हळहळ वाटते.

शेरे आणि आकडे वाचताना

मोकळ्या उत्तरांतली विशेषणं वेगळी काढा. "आगाऊ", "फार बोलते", "स्वतःलाच शहाणी समजते" हे शब्द बाईच्या वाट्याला जास्त येतात. वाद घालू नका, स्टॉपवॉच घ्या. चारही भागांत अँकर किती सेकंद बोलली, किती वेळा स्पर्धकाला मध्ये तोडलं, हे मोजा. सेकंद सारखे आणि "फार बोलते" फक्त मुलींना असेल, तर अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. खरंच जास्त बोलली असेल तर एडिटमध्ये कापा. तो दोष कापता येण्याजोगा आहे.

आता संख्या. ६०-६० जणांच्या दोन गटांत १० टक्क्यांचा फरक म्हणजे सहा माणसं. इतक्या लहान गटांत निव्वळ योगायोगानेही १७-१८ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. ४००-४०० असतील तर हीच मर्यादा साधारण सातवर येते. म्हणून छोट्या चाचणीत "ती ५२, तो ५८" यावर कोणाची नोकरी ठरवू नका. चर्चागटांतून टक्केवारी काढू नका, तिथून फक्त कारणं घ्या.

सरासरीवर समाधान मानू नका. एका अँकरला सगळ्यांनी तीन गुण दिले आणि दुसरीला निम्म्यांनी पाच व निम्म्यांनी एक, तर सरासरी सारखीच येते. पण पाच देणारे दुसऱ्या दिवशी वेळ काढून बसतील, तीन देणारे बसणार नाहीत. नवं काही दिसलं की पहिल्या भेटीत प्रेक्षक बिचकतो. अमेरिकेत 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेच्या १९८९ च्या पायलटला चाचणी-अहवालाने "कमजोर" ठरवलं होतं. त्या पायलटमध्ये मुख्य पात्रांत एलेन ही मालिकेतली पुढची प्रमुख स्त्री नव्हतीच, चॅनलने स्त्री पात्र हवं असा आग्रह धरल्यावर ती आली. त्यामुळे जमेल तर त्याच प्रेक्षकांना आठवड्याने त्याच अँकरचा दुसरा भाग आणि पुढच्या आठवड्यात तिसरा दाखवा. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीतल्या गुणांचा चढ बघा. मला स्वतःला पहिल्या गुणांपेक्षा हा चढ जास्त सांगून जातो.

निवड झाल्यावर

गाजावाजा करू नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीचे डॅनी कोहेन यांनी यापुढे फक्त पुरुषांचे पॅनल शो (पाहुण्यांच्या गटाचे विनोदी कार्यक्रम) होणार नाहीत असं जाहीर केलं. निर्णय योग्य होता, पण विनोदकार डारा ओ ब्रीन यांनी लगेच अडचण दाखवली. जाहीर केल्यावर पुढच्या प्रत्येक भागातली स्त्री ही नियमामुळे आणलेली वाटणार. करायचं ते करा, पोस्टरवर तिचं नाव मोठं छापा, पण "पहिली महिला" हे विशेषण तिच्या गळ्यात बांधू नका.

मोजणी मात्र चालू ठेवा. बीबीसीतच रॉस अॅटकिन्स यांनी जानेवारी २०१७ मध्ये आपल्या 'आउटसाइड सोर्स' कार्यक्रमात रोज भाग संपल्यावर स्त्री-पुरुष मोजायला सुरुवात केली. दोन मिनिटांचं काम. जे आपल्या हातात आहे तेवढंच मोजायचं, हा त्यांचा नियम. चार महिन्यांत स्त्रियांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ५० वर गेलं. तुमच्या कार्यक्रमासाठी फ्लोअर मॅनेजरकडे एक वही द्या आणि दोन अँकर असतील तर तीन गोष्टी लिहायला सांगा: खेळाचा शेवटचा प्रश्न कोणी विचारला, बक्षीस कोणी दिलं, कोणी कोणाला मध्ये तोडलं. तो प्रश्न विचारतोय आणि ती फक्त "टाळ्या झाल्या पाहिजेत" म्हणतेय, असं असेल तर जोडी कागदावरच आहे.

मानधनाचं कोष्टकही त्याच आठवड्यात तपासा. बीबीसीच्याच 'न्यूजवॉच'च्या सूत्रसंचालक समीरा अहमद यांना भागामागे ४४० पौंड मिळत होते, तशाच स्वरूपाच्या 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू'साठी जेरेमी व्हाइन यांना ३,००० पौंड. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने अहमद यांच्या बाजूने निकाल दिला. चाचणीत दोघांचे गुण सारखे आले असतील, तर तोच अहवाल करारात पुरावा म्हणून ठेवता येतो. मुलींनो, तो मागून घ्या.

कार्यक्रम सुरू झाला की दर गुरुवारी टीआरपी येईल. किती घरांत तो दिसला एवढं मीटर सांगतं. का दिसला, का बंद केला, हे सांगत नाही. पहिल्या दोन गुरुवारी अँकर बदलायची घाई होईल. तेव्हा सही केलेला तो पहिला कागद बाहेर काढा. आणि सहाव्या आठवड्यात, चाचणीला आलेल्यांपैकी ज्यांनी संमती दिली होती त्यांना फोन लावून तोच एक प्रश्न पुन्हा विचारा: आता तिला काय हाक मारता?